चाचणी घ्या, पण कागदावर नको

नवख्यांची ट्रेकआधी लेखी परीक्षा घ्यावी, असं एकाने सुचवलंय. हेतू मान्य, पण पाठांतरात पुणेकर पोरं कुणाला ऐकणार आहेत का!

त्यापेक्षा हातात ओलं लाकूड, कोयता आणि काडेपेटी द्या. (कुणाच्या तरी शेतावर. वनखात्याच्या हद्दीत जाळ नकोच.) कच्चा गडी पेपर कोंबून फुंकत बसतो. जाणता आधी ओंडका उभा फोडतो, आतल्या कोरड्या गाभ्याचे पातळ छिलके काढतो, काडी त्यानंतर. पाच मिनिटांत माणूस कळतो.

तोंडी एकच प्रश्न: राजगडावर फुरसं चावलं तर? 'घट्ट आवळून चिरा मारायचा' म्हणाला की घरी पाठवा. पाय हलू न देता आधार बांधायचा, उचलून खाली आणायचं आणि थेट हॉस्पिटल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष तिथेच मिळतं.

आणि आग्यामोहोळाबद्दल जरूर विचारा. वासाने-धुराने माश्या खवळतात; मोहोळाच्या कड्याखाली डिओ मारून, सिगारेट ओढत उभे राहणारे महाभाग स्वतःबरोबर अख्ख्या ग्रुपला गोत्यात आणतात.

दोराच्या गाठींची परीक्षा मात्र मी दुसऱ्या ट्रेकवर ढकलेन.