लाल, खडबडीत, लांब देठाचं फळ: झाड कोणतं?

पायवाट
मंडळी, रोज फिरायला जाते त्या वाटेवर एक झाड आहे. उन्हाळ्यात लक्षही गेलं नव्हतं, आता पानगळीच्या तोंडावर मात्र लाल फळांनी लगडलंय. फळ लिचीएवढं, गुलाबी-लाल, अंगभर बारीक फुगवटे. घोस नाही, प्रत्येक फळ आपापल्या लांब देठावर. पानं लालसर जांभळी व्हायला लागलीत. फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपने एकदा तुती, एकदा लिची, एकदा स्ट्रॉबेरी ट्री असं सांगितलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हो, खाता येतं का?

रानभूल
स्ट्रॉबेरी ट्रीच असणार. मी पाहिलंय, फळं डिट्टो अशीच.

खोडसाळ
नाही हो. स्ट्रॉबेरी ट्री सदाहरित, त्याची पानं शरदात रंग बदलत नाहीत. शिवाय त्याचं फळ पिकायला जवळपास वर्ष लागतं, म्हणून या दिवसांत पिकलेली फळं आणि नवी पांढरी फुलं एकाच झाडावर असतात. पायवाट, फुलं दिसली का? लिचीही सदाहरित, आणि तुतीचा हंगाम कधीच सरला. अ‍ॅपला नुसतं फळ दाखवलं की ते असंच भरकटतं.
पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? आणि एक पान मधोमध आडवं, अगदी हळू फाडून बघा. झटका द्यायचा नाही. चव मात्र अजिबात घेऊ नका, आधी झाड कळू दे.

पायवाट
फुलं एकही नाहीत. पानं समोरासमोर, शिरा कडेला समांतर वळत टोकाकडे जाणाऱ्या. आणि पान फाडलं तर खालचा तुकडा पडलाच नाही! शिरांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे निघाले, त्यांवर लोंबकळत राहिला. हा काय प्रकार?

खोडसाळ
सापडलं. हे धागे म्हणजे डॉगवुडच्या जातकुळीची खूण. त्यात असं एकसंध, खडबडीत फळ म्हणजे कौसा डॉगवुड, मूळचं चीन-जपान-कोरियाकडचं. बऱ्याच लहान फुलांची फळं एकमेकांना जुळून एक गोळा होतो, ते फुगवटे त्याचेच. फुलतं तेव्हा चार टोकदार पांढऱ्या 'पाकळ्या' दिसतात, पण त्या खरं तर पानांचंच रूप. खरी फुलं मधल्या हिरव्या गुंडीत.

सालपापुद्रा
+१ कौसा. खोड बघा, जुन्या झाडाची साल पापुद्रे सुटून राखाडी-तपकिरी ठिपक्यांची होते. अमेरिकन डॉगवुडशी गल्लत नको: त्याची फळं गुळगुळीत, सुटी, झुबक्यात येतात आणि ती खायची नसतात.
कौसाचं फळ खाता येतं. दाबल्यावर मऊ लागेल तेच घ्या. आतला पिवळसर गर गोड, साल रवाळ आणि कडवट, ती थुंकायची. बिया कडक, दात सांभाळा. झाडावर औषध फवारलेलं नाही ना, तेवढं आधी विचारा.

पायवाट
साल जुळली! बी लावलं तर येईल का?

सालपापुद्रा
येईल, पण गर पूर्ण धुऊन काढा आणि ओलसर वाळूत तीनेक महिने फ्रीजमध्ये ठेवा. थंडी लागल्याशिवाय ते रुजायचं नाव घेत नाही. फुलायला पुढे बरीच वर्षं लागतात. घाई असेल तर रोपवाटिकेतून कलमच आणा.