अनुभव धागा: लढाईत गेलेला बालमित्र

कृष्णाकाठ:
आज 26 जुलै, कारगिल विजय दिवस. सकाळी एसटी स्टँडपुढच्या पुतळ्याला हार घातला, शाळेची पोरं रांगेत उभी. परत येताना लेकानं विचारलं, "बाबा, तुम्ही यांना बघितलं होतं?" सात वर्षं एका बाकावर बसलो आम्ही!

पुतळ्याला झुपकेदार मिशा आहेत. त्यानं मिशी कधी ठेवलीच नाही. पुढचा दात अर्धा तुटका होता. चौथीत माझ्या टोल्याची विटी लागून तुटला. घरी सांगितलं, दारातल्या पायरीवरून पडलो. माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. भरतीला बेळगावला दोघं गेलो होतो. मी छातीच्या मापात कमी पडलो, तो भरती झाला.

99 च्या जूनमध्ये त्याचं आंतरदेशीय आलं. पत्ता नेहमीचाच, द्वारा 56 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट, त्यावरून कुठं आहे ते कळायचं नाही. लिहिलं होतं, विहिरीला पाणी आलं का, गणपतीत येतो उड्या मारायला. पेरणीच्या गडबडीत माझं उत्तर लिहायचं राहिलं. द्रास हे नाव आम्ही नंतर ऐकलं.

तुमचंही कुणी असेल तर लिहा. शौर्य पेपरात येऊन गेलंय, पोरगा कसा होता ते लिहा.

गिरगावकर आजोबा:
माझं 71 चं. चाळीत समोरासमोर खोल्या. ब्लॅकआउट म्हणून काचांना काळे कागद, आणि त्याची आई अंधारात गॅलरीत बसून असायची. 16 डिसेंबरला ढाक्याची बातमी आली, चाळीत पेढे वाटले, तिनंही वाटले. तार चार दिवसांनी आली. तेव्हा पार्थिव घरी येत नसे, तिकडंच अग्नी द्यायचे. आली ती काळी ट्रंक. तिच्यात माझा कॅरमचा स्ट्रायकर निघाला. मी तो हरवला म्हणून त्याच्याशी भांडलो होतो. बाकीचं उद्या लिहितो, आत्ता जमत नाही.

माहेरवाशीण:
आजोबा, सावकाश लिहा, आम्ही आहोत. आमच्याकडं 99 ला पेटी आली. माझ्याच वर्गातला. उघडू दिली नाही. त्याची आई एकच विचारत होती, एवढ्याशा पेटीत मावला कसा, उंच होता माझा. वर्गात फळ्याच्या वरची तारीख तोच लिहायचा, बाकी कुणाचा हात पोचत नव्हता. कुकर झाला, येते नंतर.

सातारी:
आमच्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धातच त्या गावचे 46 जण गेले. घरटी फौजी. सुट्टी संपली की पलटणीसाठी कंदी पेढे घेऊन जायचे सगळे.

फौजीची बहीण:
पेढे टिकतात का हो वरपर्यंत? भाऊ लेहला आहे, राखीबरोबर पाठवायचे होते.

सातारी:
पार्सलला दिवस लागतात ताई. शेंगदाण्याचे लाडू दे, ते जास्त टिकतील. आणि फोन होत असला तरी सोबत चार ओळी हातानं लिही.

फौजीची बहीण:
वरचं वाचून तेच ठरवलं. आजच लिहिते.

कोथरूडहून:
दिल्लीला गेलात तर इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात जरूर जा. 2019 ला झालं. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर एकेकाचं नाव आहे. वडिलांना घेऊन गेलो होतो, त्यांचा शाळासोबती 65 ला गेला. नाव सापडल्यावर बाबांनी त्याला हाक मारली, शाळेतल्या टोपणनावानं. भर दुपारी, मोठ्यांदा.

माहेरवाशीण:
वाचून रडू आलं. आजोबा, स्ट्रायकर आहे का अजून?

गिरगावकर आजोबा:
आहे. नातीला खेळायला देतो, पण घराबाहेर नेऊ देत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचं वाचलं. संध्याकाळी उठून त्याच्या आईकडं गेलो. म्हटलं, काकी, तो दात माझ्या विटीनं तुटला होता. शेंगा फोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय मला. आपल्या दाराला पायरी कुठं होती तवा?"

मग मीही शेंगा फोडायला बसलो. रविवारी परत जायचंय, तिचा पत्रा गळतोय.