प्रतिसाद: जळगावात कॉम्प्युटर की पुण्यात मिळेल ती शाखा?

भाचीने इंजिनिअरिंगला जळगावात कॉम्प्युटर घ्यावं की पुण्यात मिळेल ती शाखा, असं विचारताय, तर माझं मत जळगावात कॉम्प्युटर. खानदेशातल्या बऱ्याच कॉलेजांना पूर्वी उमविचा (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा) अभ्यासक्रम होता, आता लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा. पण कॉम्प्युटरचे मूळ विषय पुण्यातही तेच: डेटा स्ट्रक्चर (डेटा रचून ठेवायच्या पद्धती), ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी प्रणाली). खरी चाळणी दुसऱ्या वर्षी लागते. उदाहरणार्थ लिंक्ड लिस्ट, म्हणजे डेटाच्या कप्प्यांची (नोडची) साखळी, ज्यात प्रत्येक नोडकडे पुढच्याचा पत्ता असतो. सी भाषेत तिच्यातला नोड काढताना आधी पुढच्या नोडचा पत्ता जपून ठेवायचा, मगच त्याची मेमरी फ्री (मोकळी) करायची. उलटं केलं की पुढची अख्खी लिस्ट हातची गेली. हे वहीत चौकोन आणि बाण काढूनच डोक्यात बसतं. (पाठांतरावर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, निघून जाते, ते वेगळं.) मे महिन्यात लॅबमध्ये जीव उकडतो, त्याला इलाज नाही. कंपन्या मात्र पुण्याइतक्या येत नाहीत, तेव्हा तिसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप तिनेच शोधावी.