मदत हवी आहे: हाँगकाँगमध्ये डुक्कर टाळून सिऊ मेई (तिथलं भाजलेलं मांस) कसं खायचं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन हाँगकाँगला जातोय, मुक्काम तिथल्या शाम शुई पो भागात. काचेमागे आकड्यांना हंस, कोंबड्या टांगलेल्या असतात ना, तशा साध्या सिऊ मेईच्या दुकानात जेवायचंच आहे. मला 'चार सिऊ' म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस हवं, कडा जळून काळ्या झालेलं. बाबांना भाजलेला हंस. पण आई डुक्कर अजिबात खात नाही, आणि तिथे एकाच ओंडक्यावर एकाच सुऱ्याने सगळं तोडतात! भातावर ओततात तो रस कशाचा, हे कसं विचारू? "सोया सॉसमधली कोंबडी, आलं-कांदापातीचं तेल चालेल, वरचा रस नको" एवढं कोणी चिनी लिपीत लिहून देईल का? अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात त्याचं काही नाही, आई गप्पाच मारेल. सुरा धुऊन मागितला तर चालतं, की गर्दीच्या वेळी ओरडतात?