५० रात्री काढून प्लॅटिनम? कशासाठी?

रात्रपाळी: काल इथे सल्ला वाचला, "वर्षाला ५० रात्री काढा, मॅरियटचं प्लॅटिनम डोळे झाकून घ्या." प्लॅटिनम म्हणजे या हॉटेल-साखळीचा नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीचा वरचा दर्जा, स्टेटस. डोळे उघडा जरा. मार्च २०२२ मध्ये फुकट खोलीला किती पॉइंट लागतील याचा ठरीव तक्ताच गेला. आता त्याच खोलीला तारीख बघून पॉइंट लावतात. जादा ५० टक्के पॉइंट मिळतात, पण ते चाळणीत. आणि स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या खोलीत, बढती? 'उपलब्धतेनुसार'.

कोपऱ्यातली खोली: हॉटेल बहुधा ब्रँडचं नसतं हो, मालक वेगळा असतो. पॉइंटवर दिलेल्या खोलीचे बऱ्यापैकी पैसे ब्रँड त्याला देतो ते हॉटेल जवळपास भरलेलं असलं तर. एरवी किरकोळ. तो स्वीट का सोडेल? पण ४ वाजताचं चेकआउट हक्काचं आहे, फक्त रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदांची) हॉटेलं सोडून. तिथे अडून बसलात तर तोंडावर पडाल.

इडलीवडा: न्याहारीचं कोण बोलणार? रिट्झ-कार्लटनला प्लॅटिनमला न्याहारी नाही, लाउंजही नाही! हिल्टनने जुलै २०२१ पासून अमेरिकेत न्याहारीऐवजी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रकमेचं क्रेडिट टेकवलं. त्यात ऑम्लेट बसलं की कॉफी खिशातून, वर टॅक्स, टिप. हयातच्या वरच्या दर्जाला, ग्लोबलिस्टला, मात्र पूर्ण न्याहारी, दोन मोठे आणि दोन मुलं.

कोपऱ्यातली खोली: आणि ग्लोबलिस्टसाठी ६० रात्री काढायला हयात आहे कुठे गावोगाव? विषय स्टेटसचा आहे, उपम्याचा नाही.

इडलीवडा: स्टेटस म्हणजे उपमाच! बाकी काय उरलंय?

तिसरा मजला: गर्दी उरलीय. अॅमेक्सच्या (अमेरिकन एक्सप्रेस) प्लॅटिनम चार्ज कार्डावर हिल्टन, मॅरियट दोघांचा मधला दर्जा, गोल्ड, हळदीकुंकवाच्या वाणासारखं. मॅरियटच्या गोल्डला तर न्याहारीही नाही. हिल्टनने २०२६ पासून आपला वरचा दर्जा डायमंड ६० वरून ५० रात्रींवर आणलं आणि वर डायमंड रिझर्व्ह काढलं: ८० रात्री आणि शिवाय १८,००० डॉलर खर्च. वर माळा चढवला की खालचा तळमजला.

रात्रपाळी: हेच म्हणत होतो मी!

तिसरा मजला: अर्धंच म्हणत होतात. ज्यांचं काम सुटकेसवरच चालतं, त्यांनी एचडीएफसीचं मॅरियट कार्ड घ्यावं. ३,००० रुपये अधिक जीएसटी, १० रात्री खात्यात, म्हणजे प्रत्यक्ष ४०च. बुकिंग थेट करा, ट्रॅव्हल साइटवरून केलेली रात्र मोजत नाहीत. तीन खोल्या घेतल्यात तरी रात्री एकाच खोलीच्या. उरलेल्या आठ-दहा रात्रींसाठी मात्र मुद्दाम हॉटेलात जाऊन झोपू नका.

रात्रपाळी: बरं, ४ वाजताचं चेकआउट मान्य. रात्रीच्या विमानवाल्यांना तेवढंच.

इडलीवडा: आणि न्याहारी?