१६ व्या वर्षी सायकियाट्रिक सर्व्हिस डॉग मिळतो का?

निशिगंध_१६:
मला आठवीपासून पॅनिक अटॅक येतात. गोळ्या आणि थेरपी दोन्ही चालू आहे, फरक पण आहे, पण वर्गात अटॅक आला की हात सुन्न होतात आणि नकळत मी मनगटाची कातडी ओरबाडत बसते, रक्त आलं तरी कळत नाही. आईला वाटतं कुत्रा हवा म्हणून हट्ट चाललाय. तसं नाहीये, मला अटॅकच्या वेळी खरंच मदत करायला शिकवलेला कुत्रा हवाय. माझ्या वयाला देतात का? डॉक्टरांकडे विषय कसा काढू? आणि ऑनलाईन सर्टिफिकेट मिळतं ते घेतलं तर चालतं का?

श्वानमित्र:
सर्टिफिकेटवर एक पैसा घालवू नकोस. अमेरिकेचा अपंगांच्या हक्कांचा एडीए कायदा घे, त्यात रजिस्ट्रेशन लागतच नाही. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल तर दुकानातला माणूस दोनच गोष्टी विचारू शकतो, अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का आणि त्याला कुठलं काम शिकवलंय. म्हणजे सगळं त्या कामावर अडतं. नुसतं जवळ बसून बरं वाटणं हे काम धरत नाहीत, तो इमोशनल सपोर्ट झाला, आणि २०२१ पासून तिथल्या विमान कंपन्यांना अशा प्राण्यांना सर्व्हिस डॉग मानायचं बंधन राहिलेलं नाही. बाकी देशांचे नियम वेगळे, तुमच्याकडचे बघून घ्या.

तुझ्या ओरबाडण्यावर मात्र खरंच काम शिकवता येतं. आधी आपण मुद्दाम मनगटाकडे हात न्यायचा, कुत्र्याने नाकाने हात ढकलला की लगेच खाऊ, असं करत करत तो ती हालचाल ओळखायला लागतो, मग बसून, उभं राहून, आवाजात, गर्दीत, सगळीकडे परत तेच. तुझं लक्ष नसताना त्याचं लक्ष असतं, हीच त्यातली खरी मदत आहे. दुसरं म्हणजे डीप प्रेशर, सांगितलं की तो मांडीवर किंवा छातीवर आडवा होऊन वजन टाकतो, त्याने बऱ्याच जणांचा श्वास ताळ्यावर येतो. पण पूर्ण ट्रेनिंगला साधारण दीड-दोन वर्षं जातात आणि खास पैदास केलेली कुत्रीसुद्धा बरीच मधेच गळतात.

ईशानची_आई:
अगं, आमच्याकडे आहे म्हणून सांगते. वयाची अट प्रत्येक संस्थेची वेगळी असते, काही ठिकाणी १८ च्या आत देतच नाहीत, काही ठिकाणी आईवडिलांपैकी एकाला सोबत ट्रेनिंग घ्यावं लागतं. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलची मान्यता असलेल्या संस्थांपासून सुरुवात कर, वेटिंग मोठं असतं. आणि लोक बघतात गं, फार बघतात. ज्या मुलाला कुणाची नजर नको असते त्यालाच रोज "तुला काय झालंय" विचारतात, कुणी न विचारता कुत्र्याला हात लावतं. ईशानने एक वाक्य ठरवून ठेवलंय, "तो कामावर आहे", एवढं बोलतो आणि पुढे जातो. शाळेशी आधीच बोलावं लागतं, कुत्र्याला बाहेर कोण नेणार, वर्गात कुणाला ॲलर्जी असेल तर काय. आईला हे सगळं विचार करून सांगितलंस ना तर तिला हट्ट वाटणार नाही.

मनमोकळं:
मी किशोरवयीन मुलांचं काउन्सेलिंग करते. डॉक्टरांकडे गेल्यावर आधीच कुत्र्यासाठी पत्र मागू नकोस. अटॅक कधी येतो, त्यात तुला काय करता येत नाही, कोण मदत करतं, हे लिहून ने आणि विचार की यातल्या कशात शिकवलेल्या कुत्र्याचा उपयोग होईल. एक गोष्ट थेरपिस्टना जरूर विचार, पॅनिकच्या थेरपीत भीतीच्या जागी हळूहळू स्वतः जायचं असतं, आणि कुत्रा असेल तरच बाहेर पडायचं अशी सवय लागली तर ते काम मागे पडतं. कुत्रा नको असं मी म्हणत नाहीये, तो त्या प्लॅनमध्ये बसवायचा. आणि बाळा, ओरबाडणं त्यांना माहीत आहे का? नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, आईला सांगून फोन कर.

निशिगंध_१६:
थँक्यू सगळ्यांना, खरंच. ओरबाडण्याचं सांगितलं नव्हतं, आज आईला सांगते. आमच्या घरी आधीच दोन वर्षांची कुत्री आहे, तिला शिकवता येईल का?

श्वानमित्र:
वय चालेल, स्वभाव बघावा लागेल. भांडं पडलं की दचकून पळते का, आणि पळाली तर किती वेळात परत येते? अनोळखी माणसं, दुसरी कुत्री दिसली की भुंकते का? बुजरी असेल तर तिला यात ओढू नकोस, तिलाही त्रास आणि तुलाही. शांत असेल तर चांगल्या ट्रेनरला एकदा दाखव, आणि मनगटाचं काम घरातच सुरू करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.