ॲपलचं दुसरं दुकान बोरिवलीला! दादरने काय घोडं मारलंय?

चौथी_सीट

मुंबईतलं ॲपलचं पहिलं दुकान १८ एप्रिल २०२३ ला उघडलं, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलमध्ये. टिम कुक स्वतः दार उघडायला आले होते. दुसरं गेलं थेट बोरिवली पूर्वेला, हायवेलगतच्या स्काय सिटी मॉलमध्ये. दुकानं दोनच का, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की जागा निवडणाऱ्याने मुंबई गाडीच्या काचेतून बघितलीय, लोकलच्या दारातून नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. खालचं झाकण एका कोपऱ्यात उचललं गेलेलं, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. आमच्या डोंबिवलीतल्या एका सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पार्ट मागवावा लागेल, तीन आठवडे धरून चाला. मग रविवारी निघाले बीकेसीला. कुर्ल्याला उतरून पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग. मागे तिघं बसलेली, मी ड्रायव्हरशेजारी अर्धी मांडी टेकवून, पिशवी छातीशी. काम नीट झालं, वागणूकही चांगली. पण मधल्या वेळेत चहा कुठे प्यायचा म्हणून भर उन्हात कलानगरपर्यंत चालत गेले! त्या मॉलच्या आसपास कटिंग मिळत नाही हो.

मध्य आणि पश्चिम, दोन्ही लाइनी जिथे एकत्र येतात ते दादर. कल्याणपासून विरारपर्यंत कुणीही एका तिकिटात येतं. तिथे का नाही?

मागाठाणेकर

आलं! बोरिवलीत काही चांगलं उघडलं की दादरकरांच्या पोटात दुखतं हे ठाऊक होतं, डोंबिवलीलाही दुखेल असं वाटलं नव्हतं.

ताई, जरा बघा. बोरिवली, कांदिवली, दहिसर, पुढे मीरा रोड, भाईंदर, वसई, विरार. एवढ्या वस्तीला आजवर या कंपनीचं स्वतःचं दुकान बीकेसीलाच होतं. मॉल मेट्रो ७ च्या मागाठाणे स्टेशनाजवळ आहे, म्हणजे 'गाडीच्या काचेतून' हा आरोप इथे तरी लागू होत नाही. आणि 'मुंबई' म्हणजे माहीमच्या खाडीच्या अलीकडचं, हे आता पुरे करा. आम्हीही महापालिकेचाच कर भरतो.

चौथी_सीट

मी खाडीच्या अलीकडची नाही, पलीकडचीही नाही. मी मुंब्र्याच्या बोगद्यापलीकडची. कर कल्याण-डोंबिवलीत भरते आणि धक्के मुंबईत खाते. :)

भाडेकरू_७०

दादरला का नाही, याचं उत्तर दादरच्या इमारतींत आहे. माझा जन्म गोखले रोडवरच्या पागडीच्या घरात झाला (पागडी म्हणजे सुरुवातीला रक्कम मोजून घेतलेली, नाममात्र भाड्याची, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाडेकरी), त्यामुळे थोडं लांबण लावतो.

अशा दुकानाला एका पातळीवर दहा-वीस हजार चौरस फूट लागतात. मध्ये खांब कमी, वर उंच छत, मागून माल उतरवायला वाट, आगीचा दाखला आणि मुख्य म्हणजे सही करायला एकच मालक. बीकेसीचा करार ११ वर्षांचा होता असं तेव्हा पेपरांत आलं होतं. आता आमच्या इमारतीचं तळमजल्यावरचं चित्र सांगतो. सात गाळे. त्यातले पाच पागडीचे. एका गाळ्याच्या मूळ भाडेकरूला तीन मुलं, तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद. मालक ट्रस्ट आहे, ट्रस्टींत दोन गट. जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचाही हक्क आहे आणि तो खरा आहे. पुनर्विकासाची पहिली सभा मी शाळेत असताना झाली होती, अजून सभाच चालू आहेत. बाहेरच्या कंपनीच्या वकिलाने ही फाइल उघडली तर तो दुसऱ्या पानावर मिटेल.

स्काय सिटीची जमीन बघा. ती टाटा स्टीलची होती. दहा-बारा वर्षांपूर्वी ओबेरॉय रिॲल्टीने २५ एकर, ११५५ कोटींना, एकरकमी एका मालकाकडून घेतली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला त्याचंही तेच. या शहरात प्रशस्त दुकान गिरणी किंवा कारखाना बंद पडलेल्या जागीच मावतं. आणि बीकेसी तर काय, खाडीकाठी भराव घालून एमएमआरडीएने, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाने वसवलेलं. तिथे वारसाहक्काला भांडायला भाऊच नाहीत.

आकडेमोड

वर कराराचा विषय निघालाय म्हणून. बातम्यांत आलेले आकडे: बीकेसी सुमारे २०,८०० चौरस फूट, किमान भाडं महिना ४२ लाख. बोरिवली साडेबारा हजार चौरस फुटांच्या आसपास, महिना १७ लाखांच्या वर. म्हणजे चौरस फुटाला बीकेसीत २०० रुपये आणि बोरिवलीत १४० च्या आत. शिवाय विक्रीतला टक्का वेगळा.

खिसापाकीट

१७ लाख काय आणि ४२ लाख काय, शेवटी भरणार आपणच. फोन घ्यायचा तर पाडव्याला विजय सेल्स किंवा क्रोमा, बँकेचं कार्ड, कॅशबॅक, बिनव्याजी हप्ता. काचेच्या दुकानात जाऊन हात लावून बघायचं, रंग ठरवायचा आणि खरेदी घराजवळ करायची. माझ्या ऑफिसात सगळे हेच करतात. मग दुकान बोरिवलीला का दादरला, हा वाद घालायचा कशाला?

आकडेमोड

कंपनीला हेच हवंय. तुम्ही रंग तिथे ठरवलात, पैसे क्रोमात दिलेत, तरी फोन कुणाचा घेतलात?

२००१ च्या मे महिन्यात ॲपलने अमेरिकेत पहिली दोन दुकानं काढली, व्हर्जिनियात आणि कॅलिफोर्नियात, दोन्ही मॉलमध्ये. तेव्हा गेटवे नावाच्या कॉम्प्युटर कंपनीची दुकानं होती, बरीचशी शहराच्या कडेला, स्वस्त जागांवर, मुद्दाम गाडी काढून जावं लागेल अशी. कॉम्प्युटर घ्यायचा ठरवलेला माणूसच तिथे जाणार, आणि असा माणूस चार-पाच वर्षांतून एकदा उगवतो. ॲपलने जास्त भाडं मोजून वर्दळीत जागा घेतली, म्हणजे चपला घ्यायला आलेलाही आत डोकावेल. गेटवेने २००४ मध्ये उरलीसुरली १८८ दुकानं एकदम बंद केली.

म्हणून माझं मत चौथी_सीट यांच्या थोडं बाजूने आणि थोडं विरुद्ध. वर्दळ बघायची तर दादरसारखी वर्दळ पृथ्वीवर विरळा. पण ती घाईची वर्दळ आहे. ६:१२ पकडायची असलेला माणूस टेबलावरचा आयपॅड उचलून बघत नाही.

चौथी_सीट

हे मात्र साफ खोटं. दादरला येणारा माणूस फक्त गाडी पकडायला येत नाही. रानडे रोडवर शनिवारी संध्याकाळी उभं राहून बघा. साडी बघायला आलेली बाई चार दुकानं हिंडते, पदर सोडून बघते, भाव करते, पुन्हा पहिल्या दुकानात येते. तीन तास! आणि जागा नाही म्हणता, तर सेनाभवनासमोर कोहिनूर स्क्वेअर काय आहे? तीही गिरणीचीच जागा ना?

भाडेकरू_७०

कोहिनूर स्क्वेअर, मान्य. हा मुद्दा माझ्या हातून निसटला. पण ती इमारत इतकी वर्षं रखडत गेली की आम्ही दादरकरसुद्धा तिला ढग समजून सोडून दिलं होतं.

लॅमिंग्टनचा_सोल्डर

आधी एक. ताई, फुगलेली बॅटरी घेऊन लोकलने, तीही छातीशी? परत असं करू नका. फुगलेली दिसली की चार्जिंग बंद, मशीन बंद, त्यावर दाब नको, कडक वस्तूंसोबत पिशवीत नको. टोचली गेली तर डब्यात धूर होईल आणि बायका साखळी ओढतील.

आता मूळ विषय. तुम्ही सगळे गाव कुठलं यावर भांडताय, शेजार कोण याकडे कुणाचं लक्षच नाही. बीकेसीच्या कराराच्या बातम्यांत होतं की मॉलच्या ठरावीक भागात २२ ब्रँडना दुकान किंवा जाहिरात लावता येणार नाही. ॲमेझॉन, गूगल, सोनी, मायक्रोसॉफ्ट वगैरे. मी बावीस वर्षं लॅमिंग्टन रोडवर काढली (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं). आमच्याकडे उलटं. ग्राहक माझ्या काउंटरवर भाव विचारणार, शेजारच्याकडे जाणार, समोरच्याकडे जाणार, मग परत येऊन म्हणणार, तो पन्नास कमी सांगतोय. रॅम माझ्याकडे नसली तर पोऱ्या धावत जाऊन समोरून आणतो. झवेरी बाजार असाच चालतो, मंगलदास मार्केट असंच चालतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला तुलना करायला रस्ता लागतो.

ज्याला तुलनाच नको त्याला दादर कसं परवडेल? तिथे समोर पाटी कुणाची लागेल हे कुणाच्या हातात नाही. मॉलमध्ये ते करारात लिहून घेता येतं. म्हणून मॉल. बोरिवली असो वा टिंबक्टू.

मागाठाणेकर

सोल्डरभाऊ, तुलनेचं कौतुक समजलं. पण माझ्या आईला लॅमिंग्टन रोडवर पाठवाल का? तिथे 'बोला मॅडम' ऐकूनच ती घाबरते. अशा दुकानात ती अर्धा तास टेबलाशी उभी राहील, पोरं तिला फोटो कसे पाठवायचे ते दाखवतील, काही न घेता बाहेर पडेल आणि कुणी तोंड वाकडं करणार नाही. हेही काही आहे की नाही?

मुलुंडची_मावशी

दाखवतील, पण कुठल्या भाषेत? बीकेसी उघडलं तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की तिथली शंभरेक माणसं मिळून वीसहून जास्त भाषा बोलतात. आणि उद्घाटनाआधी बाहेर काळी-पिवळी टॅक्सीची नक्षी होती. नक्षी मुंबईची, मग मराठी बोलणाराही भेटावा.

मी गेले तेव्हा भेटला, खोटं कशाला बोलू. साताऱ्याचा मुलगा होता. चष्म्याचा नंबर विचारून आधी अक्षरं मोठी करून दिली.

पण चौथी_सीटचं दुखणं मला पटतं. आम्हा सेंट्रलवाल्यांना काय? मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण. बीकेसीला आम्ही कुर्ल्याहून रिक्षाने जायचं, बोरिवलीला लाइन बदलून. ठाण्यात मॉल नाहीत का? घाटकोपरला आर सिटी नाही का? तिथे पागडीही नाही आणि इस्त्रीवालाही नाही. भाडेकरू_७०, याचं उत्तर द्या.

भाडेकरू_७०

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ठाणे व्हायला हवं होतं.

मागाठाणेकर

ठाण्याचं उत्तर माझ्याकडे आहे! ठाणे-बोरिवली जुळा बोगदा. ११.८ किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाखालून, एक तोंड टिकुजिनी वाडीपाशी आणि दुसरं कुठे? मागाठाण्यात. २०२४ च्या जुलैत भूमिपूजन झालं. आज घोडबंदरला वळसा घालण्यात तास-तास जातो. बोगदा झाला की ठाणेकर डोंगराखालून थेट आमच्या दारात. ज्याने जागा निवडली त्याने हा नकाशा नक्की बघितला असणार.

चौथी_सीट

बघा, बोगदा मोटारींचाच! म्हणजे मी सुरुवातीलाच काय म्हणाले? गाडीची काच.

आणि बोगदा होईपर्यंत माझा हा लॅपटॉप भंगारात गेलेला असेल.

लॅमिंग्टनचा_सोल्डर

भंगारात देऊ नका, माझ्याकडे आणा. ग्रँट रोड स्टेशनवरून पाच मिनिटं, चहा माझ्याकडून. पण अस्सल कंपनीची बॅटरी हवी असेल तर नाही, ती तिकडेच.

आकडेमोड

ताई, डोंबिवलीहून बोरिवली वाटतं तितकं वाईट नाही. फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, पुलावरून गुंदवली, मेट्रो ७, मागाठाणे. एकही रिक्षा नाही.

चौथी_सीट

तीन गाड्या, दोन जिने. मोजले मी. बाबांचा आयपॅड तसाही दाखवायचाय, तर येत्या शनिवारी करून बघते. मागाठाणेकर, एकच सांगा, त्या मॉलबाहेर कटिंग मिळतो का?

मागाठाणेकर

मॉलबाहेर नका पिऊ. उतरलात की मेसेज करा, घरी या. आईला तुमचा आयपॅड बघायचाय.